तीनशे व्होल्टची तक्रार

वैजिनाथ मिटकरींना चौसाळ्यात सगळे अप्पा म्हणतात. हायवेला लागून त्यांचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची, बोअरमधली, पिठाच्या गिरणीतली, कुठलीही विजेची मोटार जळाली की ती अप्पांकडे येते. आतली काळी पडलेली तांब्याची तार ते उपसून काढतात, नवी भरतात, वार्निश देऊन वाळवतात आणि मोटार पुन्हा फिरायला लागते. बीडच्या आयटीआयमध्ये शिकून त्यांनी पुण्यात आठ वर्षं कारखान्यात काढली. वडील गेल्यावर परत आले आणि हे दुकान टाकलं, त्याला बावीस वर्षं झाली. बोलणं कमी. पण विजेबद्दल कुणी चुकीचं बोललं की हातातलं काम खाली ठेवून वळायचे.

आणि आमच्यात चुकीचं बोलणारा बहुतेक वेळा मीच असायचो. मी मोहनराव. ज्युनिअर कॉलेजात तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असं मला वाटायचं.

सकाळी साडेनऊला आमच्याकडची लाइन जायची ती साडेअकराला यायची. तेवढा वेळ दुकानासमोरच्या बाकावर आमची बैठक. रस्त्यापलीकडे गंगासागरताईंची पिठाची गिरणी आहे. लाइन गेली की बाया दळणाचे डबे तिथंच ठेवून घरी जायच्या आणि ताई केसांवरचं पीठ झटकत आमच्याकडे यायच्या. चौथा धर्मराज. तो उखळदऱ्याचा. हे गाव बालाघाटच्या माथ्यावर, पाटोद्याच्या अंगाला आहे. धर्मराज बायकोबरोबर अकरा हंगाम ऊसतोडीला गेला, नंतर म्हशी घेतल्या आणि ते सोडलं. रोज मोटारसायकलवर दूध घेऊन चौसाळ्याला यायचा. अप्पांचा शाळेतला मित्र. बाकी सगळे अप्पा म्हणायचे, तो ‘वैजा’ म्हणायचा.

चौघंही पेपर वाचणारे, त्यामुळे भांडायला रोज काहीतरी असायचंच. एकदा विषय निघाला पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलचा. ताईंनी थेट मलाच धरलं.

“सर, पेट्रोलमधी वीस टक्के उसाचं घालतेत म्हणं. मंग भाव कावून उतरंना?”

मी तेलाची आयात, परकीय चलन, दीर्घकालीन फायदा असं सुरू केलं. धर्मराजनं मला पुरतं बोलूच दिलं नाही.

“सर, ते ऱ्हाऊ द्या. मी अकरा साल ऊस तोडला. आधी त्या उसाची साखर व्हायची, आता गाडीत जळतो. कारखान्याचा मालक मोठा झाला, गाडीवाल्याला चांगलं वाटलं. कोयत्याचं काय झालं ते सांगा.”

“कोयत्याचा, म्हणजे तोडणीचा दर वाढलाय मध्यंतरी,” मी म्हणालो.

“वाढला ना. सरांची पेन्शन वाढती तसाच वाढला का बे वैजा?”

अप्पा तार गुंडाळता गुंडाळता हसले फक्त.

शेतीपंपाच्या मोफत विजेवरही असंच. बिल माफ करून कोणावर तरी बोजा पडतोच, तो उद्योगांवर पडतो, असं मी मांडत होतो. धर्मराज म्हणाला, “जी येतच न्हाई ती फुकट दिली, ह्यात सरकारचे काय उपकार?” त्यावर ताई उसळल्या, “तुमचं तरी फुकट हाय. माझ्या चक्कीला दुकानाचा दर लावतेत. मी काय मॉल टाकलाय व्हय?”

अशी आमची बैठक. शिव्या, चहा, आणि साडेअकराला दिवे लागले की जो तो आपापल्या कामाला.

दोन वर्षांपूर्वी उखळदऱ्याच्या माळावर पवनचक्क्या उभ्या करायचं काम सुरू झालं. मला मनापासून आनंद झाला. बीडच्या एका दैनिकात मी त्यावर लेखही लिहिला. कोळसा जाळायला नको, पडीक माळाला भाडं मिळेल, तरुणांना काम मिळेल. लेखाचं कात्रण अप्पांच्या दुकानात भिंतीवर चिकटवलं होतं, ते मीच चिकटवलं होतं.

मग पवनचक्कीची पाती आली. एकेक पातं साठ मीटर लांब, त्याला वाहून नेणारा ट्रेलर गावातल्या वळणावर वळेना. म्हणून रस्त्यावरच्या विजेच्या तारा उतरवल्या, तीन खांब उपटले. उखळदरा दोन दिवस अंधारात होतं. दोन दिवसांचं दूध नासलं, धर्मराज तिसऱ्या दिवशी आला तो रागानं लाल.

“वीज करायचं मशीन जावं म्हणून आमची वीज बंद! अन् त्या चक्कीची वीज आमच्या गावात येणार का, तर न्हाई. सर, तुमी लेख लिव्हलाय ना? सांगा मला, ती कुठं जाती?”

मी समजावलं, की ती मोठ्या तारेवरून दूरच्या उपकेंद्रात जाते, तिथून जो विकत घेईल त्याला मिळते. त्यात वाईट काहीच नाही, सगळ्या देशाची वीज अशीच फिरते.

“म्हंजे वारा आमच्या माळाचा,” धर्मराज म्हणाला, “अन् गावाला निस्ता आवाज.”

नंतरच्या महिन्यांत एक गोष्ट अप्पांच्या नजरेत आली होती, ती मला पुढं कळली. उखळदऱ्याहून येणाऱ्या मोटारी वाढल्या होत्या. पूर्वी वर्षाला पाच-सहा यायच्या. त्या हिवाळ्यात दोन महिन्यांत अकरा आल्या. दुकानाच्या भिंतीला ओळीनं लावून ठेवलेल्या असत. त्यातली एक होती उखळदऱ्याच्या पाणीपुरवठ्याची, गावच्या विहिरीवरची. ती वर्षात तिसऱ्यांदा जळाली होती.

ती मोटार अप्पांच्या दुकानात उघडून पडलेली असतानाच धर्मराजच्या आईचा अपघात झाला. सुभद्राबाई पंच्याहत्तरीच्या. नळाला पाणी नाही म्हणून सुनेच्या जोडीला विहिरीवर गेल्या. पायऱ्या ओल्या होत्या. घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. बीडला नेऊन ऑपरेशन झालं. आठ दिवसांनी धर्मराज बैठकीला आला, तेव्हा तोंड सुकलेलं, दाढी वाढलेली.

ताईंनी विचारपूस केली. मी काहीतरी धीराचं बोललो. अप्पा म्हणाले, “मोटार उद्या सकाळी देतो. दोन दिवस उशीर झाला, तार आली नव्हती.”

धर्मराज एकदम उठला. “तुझं काय जातंय बे? उशीर झाला तरी तुझंच, लवकर झालं तरी तुझंच. आमच्या मोटारी जळतेत म्हणून तुझ्या घरची चूल पेटती. तू कशाला म्हणशील लाइन सुधरा म्हणून? माझी आई हिरीत पडली काय अन् मेली काय!”

हायवेवरून ट्रक जात होते. धर्मराज दुधाचे कॅन तिथंच सोडून गाडी काढून निघून गेला.

अप्पांचा चेहरा मी आजवर तसा पाहिला नव्हता. त्यांनी हातातली पक्कड खाली ठेवली आणि विचारलं, “सर, तो चुकीचं बोलला का?”

मी म्हणालो, “रागात बोलला. मनावर घेऊ नका.”

“मी इचारलं, चुकीचं बोलला का?”

ताई म्हणाल्या, “अप्पा, तो रागात खरं बोलला. पण त्यात तुमचा काय दोष?”

दुसऱ्या दिवशी अप्पांनी शब्द दिल्याप्रमाणे मोटार तयार केली, स्वतः टेंपोत घालून उखळदऱ्याला नेली, विहिरीवर बसवली. पण परत आले नाहीत. दुकान बंद. ते उखळदऱ्यातच सोमेश्वराच्या देवळाच्या ओसरीवर मुक्काम टाकून राहिले. सोबत व्होल्टमीटर आणि तारेला चिमट्यासारखा लावून तिच्यातून किती करंट जातो ते दाखवणारा मीटर. नऊ दिवस त्यांनी गावच्या डीपीखाली, म्हणजे ट्रान्सफॉर्मरखाली बसून आकडे टिपले. चारशे पंधराच्या जागी तीनशे व्होल्ट. कधी दोनशे नव्वद.

आणि हे का होतंय तेही त्यांनी शोधून काढलं. डीपीवरून एक जाड केबल निघून ओढ्याच्या कडेनं माळाकडे जात होती. अप्पा तिच्यामागं चालत गेले. ती पवनचक्कीच्या ठेकेदाराच्या तळावर पोचली. तिथं काँक्रीट कालवायचं यंत्र, वेल्डिंगची चार मशिनं, पाण्याच्या मोटारी, कामगारांच्या खोल्या. सगळं गावच्या डीपीवर. कागदावर त्या जागेला वॉचमनच्या खोलीपुरतं, पाच किलोवॅटचं तात्पुरतं कनेक्शन होतं. अप्पांच्या मीटरनं दाखवलं की ओढ चाळीसच्या वर आहे.

दहाव्या दिवशी ते चौसाळ्याला आले. दाढी पांढरी, कपडे मळलेले. धर्मराजही त्यांच्या मागोमाग आला. दोघांत काय बोलणं झालं होतं ठाऊक नाही. धर्मराज खाली मान घालून बाकाच्या टोकाला बसला.

“लिव्हा, सर,” अप्पा म्हणाले.

मी अर्ज लिहिला. चांगला मुद्देसूद लिहिला. पण सही करायची वेळ आली तेव्हा मी पेन पुढं केलं ते ताईंकडे. मी म्हणालो, “मी उखळदऱ्याचा रहिवासी नाही, माझ्या सहीला अर्थ नाही.” ताईही उखळदऱ्याच्या नव्हत्या. त्यांनी सही केली. माझं खरं कारण भिंतीवर चिकटवलेलं होतं, आणि ते तिघांनाही दिसत होतं.

तालुक्याच्या वीज कार्यालयात साहेबांनी अर्ज वाचला. “पाहणी करतो” म्हणाले. सतरा दिवसांनी उत्तर आलं, की प्रत्यक्ष पाहणी केली असता विजेचा दाब समाधानकारक आढळला, तक्रार निकाली काढण्यात येत आहे. पाहणीची तारीख रविवारची होती. रविवारी तळावरचं काम बंद असतं, हे उखळदऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

“ह्यांनी सुट्टीचा दिवस हुडकून काढला,” धर्मराज म्हणाला. “म्हंजे ह्यांना सगळं म्हाईत हाय.”

मला तोपर्यंत वाटत होतं की खात्यात गैरसमज असतो, ढिलाई असते, सांगितलं की दुरुस्त होतं. त्या कागदावरचा ‘समाधानकारक’ हा शब्द वाचताना मला माझ्याच शिकवण्याची लाज वाटली. तीस वर्षं मी पोरांना फळ्यावर मागणी-पुरवठ्याच्या रेषा काढून दाखवल्या होत्या. ह्या गावात पुरवठा म्हणजे काय, हे मला नऊ दिवस देवळात झोपलेल्या माणसानं दाखवलं.

त्याच सुमाराला पेपरात जाहिरात आली, की वीज कंपनीच्या दरवाढीच्या प्रस्तावावर संभाजीनगरला वीज आयोगाची जनसुनावणी आहे, कोणालाही म्हणणं मांडता येईल. मीच ती अप्पांना दाखवली. नाव नोंदवायचा फॉर्म भरला आणि ह्या वेळी खाली माझंही नाव घातलं.

आम्ही चौघं पहाटेच्या एसटीनं निघालो. अप्पांनी सिमेंटच्या पोत्यात जळालेल्या तारांची भेंडोळी बांधून घेतली होती. सभागृहाच्या दारात शिपायानं पोतं अडवलं.

“हे आत नेता येणार नाही.”

“ह्याच्यातच माझं म्हणणं हाय,” अप्पा म्हणाले.

“कागद असेल तर न्या. भंगार नाही.”

ताई पुढं झाल्या. “भंगार म्हणू नका, भाऊ. ह्याच्यातली एकेक तार कुणाच्या तरी ज्वारीचं पाणी हाय. आत जे बसलेत त्यांनी केलंय हे, त्यांना दाखवू द्या.” शिपाई ओशाळला, पण पोतं आत जाऊ दिलं नाही. शेवटी अप्पांनी एक भेंडोळं काढून धोतराच्या सोग्यात खोचलं आणि आत गेले.

आत गारवा होता. पुढच्या रांगांत कोटातली माणसं. उद्योगांच्या प्रतिनिधींनी पडद्यावर आलेख दाखवत वीस-वीस मिनिटं घेतली. दुपार कलल्यावर अप्पांचा नंबर आला, आणि सूचना झाली की वेळ कमी आहे, प्रत्येकानं तीन मिनिटांत आटपावं.

“मी वैजिनाथ मिटकरी. चौसाळा. मोटारी भरतो.”

“आपलं म्हणणं दराबाबत आहे ना? स्थानिक तक्रारींसाठी वेगळा मंच आहे,” व्यासपीठावरून आवाज आला.

“दराचंच हाय, साहेब. तुमी दर ठरवाया बसलात. मी इचारतो, कशाचा दर? उखळदऱ्याला चारशे पंधरा व्होल्ट द्यायची कबुली हाय. मी नऊ दिवस मोजलं, तीनशेच्या वर काटा सरकंना. किराणावाल्यानं किलोच्या पैशात पाऊण किलो साखर दिली तर तुमी त्याचा तराजू उचलून नेता. मंग ह्या वीज कंपनीचा कावून नेत न्हाई?”

मागच्या रांगांत टाळ्या पडल्या. वीज कंपनीचे एक अधिकारी उभे राहिले. शांतपणे म्हणाले, “तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर नाही. व्होल्टेज कमी असलं तर मीटरवर युनिटही कमी पडतात. ग्राहकाचं नुकसान होत नाही.”

मला वाटलं, संपलं. पण अप्पा त्यांच्याकडे वळले, दुकानात माझ्याकडे वळायचे तसे.

“बल्बाचं तसं हाय, साहेब. मंद जळतो, कमी खातो. मोटारीचं तसं न्हाई. ती हट्टी. दाब कमी पडला तरी काम तेवढंच ओढती, मंग करंट जास्ती घेती, अन् आतून तापून जळती. हे तुमाला ठावं हाय. तुमी इंजिनिअर हाव.” त्यांनी सोग्यातलं भेंडोळं काढून टेबलावर ठेवलं. “ही गावच्या पाण्याच्या मोटारीतली तार. ती जळाली म्हणून एक म्हातारी हिरीत पडली.”

“आपला वेळ झाला,” कोणीतरी म्हणालं.

“आणखी एकच. मी ह्या असल्या विजेवरच बावीस वर्षं जगलो. माझ्या घरावरचं छत, पोरींची शिक्षणं, सगळं लोकांच्या जळक्या मोटारीतून आलंय. माझ्या मित्रानं मला तसं तोंडावर सांगितलं. त्याचं खरं हाय. म्हणून मी आलो. ज्याचं पोट ह्याच्यावर चालतंय तोच सांगतोय, हे बंद करा.”

माइक बंद झाला. धर्मराज माझ्या शेजारी बसला होता. त्यानं उपरणं तोंडावर धरलं आणि बराच वेळ काढलं नाही. परतीच्या एसटीत तो अप्पांच्या बाजूला बसला. बीड यायच्या आत अप्पांना झोप लागली तेव्हा डोकं धर्मराजच्या खांद्यावर होतं.

तीन आठवड्यांनी वीज कार्यालयाची गाडी आली. उखळदऱ्याला नाही, चौसाळ्याला, अप्पांच्या दुकानासमोर. चौघं उतरले, मीटर तपासला, मोटारी चालवून बघायचं टेबल तपासलं, पंचनामा केला. मंजूर भार तीन किलोवॅटचा, आढळला चारचा. तिथल्या तिथं कनेक्शन तोडलं.

ताई गिरणीतून धावत आल्या. “चाळीस ओढणाऱ्याला सोडलं अन् चारवाल्याला तोडता? तोंड वर करून कसं सांगता हे?”

कर्मचाऱ्यानं मान खाली घातली. “वरून आलंय, ताई. आमी काय करणार?”

त्या दिवशी मी जन्मात पहिल्यांदा रस्त्यात उभा राहून शिव्या दिल्या. माझे जुने विद्यार्थी बघत होते. मग दुकानात जाऊन भिंतीवरचं कात्रण ओढून काढलं. अप्पा म्हणाले, “ऱ्हाऊ द्या सर, पवनचक्कीचं काय चुकलं त्याच्यात?” मी म्हणालो, “चक्कीचं नाही. मी न बघता लिहिलं, ते चुकलं.”

ही बातमी धर्मराजनं गावात नेली. आजवर उखळदऱ्याच्या लोकांनी ‘होईल कधीतरी’ म्हणून सोसलं होतं. पण गावासाठी नऊ दिवस देवळात राहिलेल्या माणसाचं दुकान बंद पडलं, हे त्यांना सोसलं नाही. पुढच्या मंगळवारी सकाळी दहाला पवनचक्कीच्या खांबाचा भला मोठा तुकडा घेऊन ट्रेलर घाट चढून आला, तर वळणावर साठ-सत्तर बाया बसलेल्या. मध्ये बाजेवर सुभद्राबाई. त्यांना चार जणांनी घरून उचलून आणलं होतं. आम्ही तिघं चौसाळ्याहून गेलो आणि धर्मराजच्या शेजारी बसलो. फुफाट्यात मांडी घालून बसताना माझे गुडघे कुरकुरले, पण बसलो.

तासाभरात पोलीस आले, मग वीज कार्यालयाचे तालुक्याचे मोठे साहेब आले. त्यांनी सुभद्राबाईंना गोड आवाजात सांगितलं, “आजी, उन्हात कशाला? उठा, घरी जा.”

“मला उठता येत न्हाई, बाबा,” सुभद्राबाई म्हणाल्या. “उठता येत असतं तर तुझ्या हापिसात आले असते.”

साहेबांनी अप्पांचे आकडे मागितले. अप्पांनी दाखवले. साहेब ओढ्याकडेनं जाऊन ती केबल बघून आले, घामाघूम. म्हणाले, रस्ता मोकळा करा, सात दिवसांत काम होईल. बायांनी लेखी मागितलं. लेखी मिळालं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

सहाव्या दिवशी उखळदऱ्याला दुसरी डीपी बसली. केबल गेली, तळावर ठेकेदाराचं डिझेल जनरेटर आलं. अप्पा स्वतः जाऊन मोजून आले. चारशे दहा. नळाला पाणी येतं. त्यानंतर उखळदऱ्याची एकच मोटार दुकानात आली, ती उंदरांनी तार कुरतडलेली. अप्पांच्या दुकानाची वीज मात्र अडीच महिन्यांनी, तीन हेलपाटे आणि एक अपील करून परत आली. तेवढे दिवस ते भरलेल्या मोटारी गिरणीत नेऊन ताईंच्या मीटरवर चालवून बघायचे.

वाचणाऱ्याला वाटेल, झालं की चांगलं. मलाही क्षणभर वाटलं होतं. मग कागद यायला लागले.

पहिला कागद वीज कार्यालयाचा: ठेकेदाराच्या तळाची चौकशी पूर्ण, जादा भार आढळला नाही. आढळणार कसा? केबल काढल्यावर चौकशी केली. दुसरी डीपी कशी बसली, तर ‘नियमित क्षमतावाढ कार्यक्रमांतर्गत’. म्हणजे कोणाचं काही चुकलंच नव्हतं. सुभद्राबाई आपोआप पडल्या, मोटारी आपोआप जळाल्या.

दुसरा कागद पोलिसांचा. सार्वजनिक रस्ता अडवल्याबद्दल अकरा जणांवर गुन्हा. अप्पा, धर्मराज, गंगासागरताई, मी आणि उखळदऱ्याच्या सात बाया. सुभद्राबाईंचं नाव नाही. त्यांना ह्याचा फार राग आला. “बाज माझी होती अन् नाव सुनंचं!” म्हणाल्या.

तिसरा कागद दराचा आदेश. दर वाढला. आदेश शेकडो पानांचा. मी संगणकावर अप्पांचं नाव शोधलं. नाव नव्हतं. एका पानावर एवढंच होतं, की एका ग्राहकाने ग्रामीण भागातील कमी दाबाबाबत स्थानिक स्वरूपाची तक्रार मांडली. आणि खाली कंपनीचं उत्तर: पुरवठा समाधानकारक आहे.

मी ते बैठकीत वाचून दाखवलं. लाइन गेलेलीच होती. धर्मराज म्हणाला, “त्या टेबलावर तार ठिवलीती वैजानं. ती कुणी उचलली असंल?” ताई म्हणाल्या, “झाडूवाल्यानं.”

अप्पा म्हणाले, “आपण एका गावाची डीपी मिळवायला आई लंगडी केली, दुकान बंद पाडलं, अकरा जणांवर केस घेतली. माझ्या दुकानात आज चौदा गावच्या मोटारी हायत, सर. दर गावानं एक म्हातारी पाडायची का?”

मी म्हणालो, ह्या आदेशावर पुन्हा अर्ज करता येतो, मी लिहितो, ह्या वेळी पहिली सही माझी. धर्मराज म्हणाला, अर्जानं काही होत नाही, जिल्हा परिषदेला आपला माणूस उभा करा. ताई म्हणाल्या, आजवर उभे केले ते कुणाचे होते मग? आणि नेहमीसारखं भांडण जुंपलं. आवाज एवढे चढले की रस्त्यावरचे दोन जण थांबून बघायला लागले. अप्पा मध्येच उठून आणखी एका गावाला फोन लावायला गेले. चौदा गावांपैकी सात गावांच्या लोकांना त्यांनी आधीच फोन करून सांगितलं होतं, की मोटार न्यायला याल तेव्हा तुमच्या डीपीवर काय काय जोडलंय ते बघून या.

रस्ता अडवल्याच्या खटल्याची पुढली तारीख नऊची आहे. तालुक्याच्या कोर्टात सकाळी साडेदहाला हजर राहायचं आहे. उखळदऱ्याच्या बाया टेंपो करून येणार आहेत, आम्ही चौघं एसटीनं. अर्जाचा मसुदा माझ्या पिशवीत तयार आहे.